नाकावरचा पंखा

स्वतःचं विमान घेऊन ते स्वतःच चालवायचं ठरवलेला माणूस बहुधा जेटपासून सुरुवात करतो. नाकावर फिरणारा पंखा त्याला मागच्या काळातला वाटतो. अमेरिकेतल्या लहान विमानतळांवर ही समजूत इतकी रुजली आहे, की टर्बोप्रॉपचा, म्हणजे पंख्याच्या पण जेटसारखंच इंजिन असलेल्या विमानाचा, मालकसुद्धा आपल्या विमानाचं कौतुक ‘जवळजवळ जेटच’ अशा शब्दांत करतो. मला ही समजूत खटकते, कारण ती आकड्यांना धरून नाही. सिरस कंपनीचं व्हिजन एसएफ-५० हे एका इंजिनाचं छोटं जेट. त्याचा कमाल वेग ३११ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ५७५ किलोमीटर. फ्रान्समधल्या टार्ब गावी दाहेर कंपनी बनवते ते टीबीएम-९६० हे एका इंजिनाचं टर्बोप्रॉप. त्याचा कमाल वेग ३३० नॉट, म्हणजे ताशी ६११ किलोमीटर. पंख्याचं विमान जेटच्या पुढे जातं, आणि दोघांचीही उंचीची मर्यादा तीच आहे: ३१,००० फूट.

टर्बोप्रॉपच्या पोटात जेटसारखंच टर्बाइन, म्हणजे तापलेल्या वायूच्या झोताने फिरणारं चाक, असतं, केरोसीनच्या जातीचं तेच इंधन जळतं. फरक इतकाच, की त्या आगीतून निघालेली ताकद जेटमध्ये मुख्यतः इंजिनातल्या पंख्याला आणि नळीतून मागे फेकलेल्या हवेला मिळते, तर टर्बोप्रॉपमध्ये ती दात्यांच्या चाकांतून उतरून बाहेरच्या मोठ्या प्रोपेलरला मिळते. प्रोपेलर खूप हवा थोड्या वेगाने मागे ढकलतो. लहान जेट थोडी हवा खूप वेगाने फेकतं. रुंद वल्ह्याने संथ मारलेला हात होडीला जास्त पुढे नेतो, तसंच हे. मागे फेकलेल्या हवेत जितका जादा वेग उरतो, तितकी ऊर्जा वाया गेलेली असते. साधारण ३०० ते ३५० नॉटपर्यंत या हिशेबात प्रोपेलर सरळ जिंकतो. त्याच्या पुढे पात्यांची टोकं ध्वनीच्या वेगाजवळ जाऊ लागतात, कार्यक्षमता कोसळते आणि तिथून जेटचं राज्य सुरू होतं. म्हणजे वाद जुन्या-नव्याचा नाहीच. आपण कुठल्या वेगाने आणि किती लांब जाणार, एवढाच प्रश्न आहे.

लहान जेटचं आजचं बाजारातलं स्थान समजायला २००० नंतरची दहा वर्षं आठवावी लागतात. तेव्हा सगळ्यांना वाटत होतं, की अगदी हलकी जेट विमानं हजारोंनी बनतील, स्वस्त होतील आणि गावोगाव टॅक्सीसारखी उडतील. इक्लिप्स-५०० या अशाच हलक्या जेटला २००६ मध्ये उड्डाणासाठी लागणारं सरकारी प्रमाणपत्र मिळालं. फ्लोरिडातल्या डेजेट या कंपनीने ती विमानं घेऊन हवाई टॅक्सी सुरूही केली. सप्टेंबर २००८ मध्ये डेजेटने सेवा बंद केली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इक्लिप्स कंपनी दिवाळखोरीत गेली. अडीचशेच्या आसपास विमानं बनली होती. ज्या किमतीत विमान विकायचं ठरलं होतं, ती किंमत हजारो विमानांच्या उत्पादनावर बेतलेली होती. तेवढी संख्या कधी गाठलीच नाही, त्यामुळे प्रत्येक विमानामागे तोटा वाढत गेला. डायमंडचं डी-जेट आणि पायपरचं आल्टेअर ही एका इंजिनाची दोन्ही जेट विमानं प्रमाणपत्रापर्यंत पोचलीच नाहीत. पायपरने आपलं काम २०११ मध्ये थांबवलं. सेसनाच्या सायटेशन मस्टँगचं उत्पादनही २०१७ मध्ये बंद झालं. एका इंजिनाचं नागरी जेट म्हणून शेवटी टिकलं ते सिरसचं एसएफ-५० एकटंच. त्याला ऑक्टोबर २०१६ मध्ये प्रमाणपत्र मिळालं.

याच काळात टर्बोप्रॉप शांतपणे विकली जात होती. स्वित्झर्लंडमधल्या स्टान्स गावच्या पिलाटस कंपनीचं पीसी-१२ पहिल्यांदा १९९१ मध्ये उडालं, आणि आज त्याची दोन हजारांहून जास्त विमानं जगभर गेली आहेत. टीबीएम-७०० हे १९९० चं. त्यांच्याविषयी कुणी क्रांतीची भाषा केली नव्हती, म्हणून कदाचित ती टिकली.

आता वेळेचा हिशेब, कारण जेट घेणाऱ्याला वेळच विकत घ्यायचा असतो. अंतर घेऊ ४५० सागरी मैल, म्हणजे साधारण मुंबई ते बंगळूर. अमेरिकेतल्या मालकांच्या बऱ्याच फेऱ्या याच मापाच्या किंवा याहून लहान असतात. नुसत्या वेगाने भागलं तर टीबीएम-९६० ला ८२ मिनिटं लागतात, पीसी-१२ एनजीएक्सला २९० नॉटने ९३, एसएफ-५० ला ८७, आणि एम्ब्रायरच्या फेनम-१०० ईव्हीला ४०६ नॉटने ६७. म्हणजे दोन इंजिनांचं खरंखुरं जेट टीबीएमच्या पुढे गेलं ते पंधरा मिनिटांनी. प्रत्यक्षात तेवढंही नाही. फेनमला आपला वेग गाठायला उंच चढावं लागतं. चढताना तो वेग नसतो आणि उतरतानाही नसतो. साडेचारशे मैलांच्या प्रवासात निम्म्याच्या आसपास वेळ चढण्या-उतरण्यातच जातो. उरलेल्या फरकासाठी इंधन मात्र दीडपटीहून जास्त जळतं. टीबीएम काटकसरीने ३०८ नॉटवर चालवलं तर ताशी ५७ अमेरिकी गॅलन, म्हणजे २१५ लिटरच्या आसपास खातं. अंतर एक हजार मैल असेल तर फरक अर्ध्या तासाच्या वर जातो आणि जेटची बाजू पटू लागते. पण वर्षात अशा किती फेऱ्या होतात, हे विमान घेण्याआधी मागच्या दोन वर्षांच्या प्रवासाची वही उघडून मोजावं. स्वप्नातल्या फेऱ्या मोजू नयेत.

जेटच्या इंधनाचा आणखी एक पैलू आहे, आणि त्याकडे नवखे मालक दुर्लक्ष करतात. जेट उंचावर काटकसरी असतं, खाली आलं की उधळं होतं. हवाई वाहतूक नियंत्रकाने न्यू यॉर्कसारख्या गर्दीच्या भागात शंभर मैल आधीच खाली आणलं, दहा हजार फुटांवर फिरवत ठेवलं, तर कागदावर काढलेला राखीव साठा झपाट्याने आटतो. उंची अर्धी झाली तरी टर्बोप्रॉपचा मैलामागचा खर्च त्या मानाने कमी वाढतो. म्हणून छोट्या जेटने निघताना नुसतं अंतर बघून भागत नाही. नियंत्रक शेवटच्या टप्प्यात आपल्याला कधी खाली आणतात, हे त्या विमानतळाच्या ठरलेल्या आगमनमार्गावरून आधी वाचून घ्यावं आणि इंधन त्या उंचीच्या दराने मोजावं.

इंधनाशी वजनाचा प्रश्न बांधलेला आहे. एसएफ-५० मध्ये सात जणांची आसनव्यवस्था आहे आणि कमाल उड्डाणवजन ६,००० पौंड, म्हणजे २,७२२ किलो. टाकी काठोकाठ भरली तर वैमानिक धरून दोन-तीन माणसं आणि थोडं सामान, इतकीच जागा वजनात उरते. सात खुर्च्या आणि बाराशे मैल या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण एकाच दिवशी नाहीत. टीबीएम-९६० मध्ये पूर्ण इंधनानंतर सुमारे ४०० किलो उरतात, पीसी-१२ मध्ये साधारण ४५०. पीसी-१२ ला मागच्या बाजूला १.३५ मीटर रुंद आणि १.३२ मीटर उंच मालाचा दरवाजा आहे. त्यातून स्ट्रेचर, सायकली, मोटरसायकल, काहीही आत जातं. ऑस्ट्रेलियातली रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस हे विमान वर्षानुवर्षं मातीच्या धावपट्ट्यांवर उतरवते. चार नातेवाईक, दोन कुत्री आणि आठवड्याचं सामान घेऊन निघणाऱ्या कुटुंबाला ३० नॉट कमी मिळाले तरी चालतील, पण सामान मागे ठेवावं लागलं तर सगळ्या प्रवासाची चव जाते.

धावपट्टीपाशी मात्र माझा कल अगदी स्पष्ट आहे. टर्बोप्रॉपच्या प्रोपेलरची पाती फिरवून त्यांचा कोन उलटा करता येतो. चाकं टेकली की वैमानिक इंजिनाचा जोर ठरवणारा पॉवर लिव्हर आधी बीटा या पट्ट्यात, म्हणजे पाती जवळजवळ सपाट होतात तिथे, आणि तिथून रिव्हर्समध्ये ओढतो, आणि तो मोठा पंखा उलट दिशेने हवा फेकून विमान अडवतो. धावपट्टी ओली असो वा बर्फाळ, या अडवण्याला टायरच्या पकडीची गरज नसते. एसएफ-५०, फेनम-१००, मस्टँग, होंडाजेट यांच्यापैकी कुणालाही थ्रस्ट रिव्हर्सर, म्हणजे इंजिनाचा जोर उलटा वळवणारी यंत्रणा, नाही. सगळं ब्रेकवर. शिवाय जेट इंजिन आयडलवर, म्हणजे सगळ्यात मंद, असतानाही थोडं पुढेच ढकलत असतं. ओल्या धावपट्टीवर टायरखाली पाण्याचा थर साचला की ब्रेक दाबूनही चाक घसरतं, आणि लहान जेट धावपट्टीच्या टोकाबाहेर जातात ती बहुतेक वेळा अशीच: थोडा जास्त वेग, थोडं उशिरा टेकणं आणि ओली जमीन. वेग दहा टक्के जास्त असला तर थांबवायची ऊर्जा २१ टक्क्यांनी वाढते, कारण ती वेगाच्या वर्गावर चालते. ‘जरा सुरक्षित म्हणून’ पाच-सात नॉट वर धरून येण्याची सवय लहान पिस्टन विमानात खपून जाते. जेटमध्ये ती मालकाला कुंपणापर्यंत नेते.

पन्नास फुटांच्या अडथळ्यावरून उतरून थांबायला टीबीएम-९६० ला कंपनीच्या आकड्यांनुसार सुमारे ७४० मीटर लागतात, एसएफ-५० ला ९१५ च्या आसपास. हे आकडे नव्या टायरचे, कसलेल्या चाचणी वैमानिकाचे आणि कोरड्या डांबराचे. अमेरिकेत भाड्याने चालणाऱ्या जेटला धावपट्टीच्या ६० टक्के लांबीत थांबता येईल असा हिशेब दाखवावा लागतो, म्हणजे आकड्याला १.६७ ने गुणायचं. पट्टी ओली असेल तर १.९२ ने. खासगी मालकावर ही सक्ती नाही. तरीही मी कुणालाही सांगेन, की हाच गुणाकार स्वतःवर लादून घ्यावा. मग एसएफ-५० ला ओल्या दिवशी साडेसतराशे मीटर हवेत असं निघतं, आणि आजूबाजूच्या निम्म्या छोट्या धावपट्ट्या यादीतून गळतात.

उष्णतेचं गणित आपल्याकडच्या वाचकाला जास्त जवळचं. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की तिथली हवा सुमारे ४,८०० फूट उंचीवरच्या हवेइतकी विरळ होते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाला हवा कमी मिळते. टीबीएम-९०० च्या इंजिनाची आतली क्षमता १,८२५ अश्वशक्तीची आहे, पण ते ८५० वर बांधून ठेवलेलं असतं. त्यामुळे उन्हात आणि उंचीवर ते आपली ८५० बराच काळ देत राहतं. शिल्लक कामाला येते. लहान जेटचा जोर तापमान वाढताच घटू लागतो, कारण तिथे इतकी शिल्लक ठेवणं वजनाला परवडत नाही. पूर्ण भरलेलं छोटं जेट अशा दुपारी लहान धावपट्टीवरून काढायचं असेल, तर इंधन कमी करा, माणसं कमी करा किंवा पहाटे निघा. चौथा मार्ग नाही.

‘पण इंजिन एकच आहे ना?’ हा प्रश्न घरातल्या माणसांकडून पहिला येतो, आणि तो हलका घेण्यासारखा नाही. पीसी-१२, टीबीएम, पायपरचं एम-६०० या सगळ्यांत कॅनडातल्या प्रॅट अँड व्हिटनीचं पीटी-६ हे इंजिन असतं. १९६० च्या दशकापासून ते बनतं आहे. हवा मागून आत घेऊन पुढे वळवणारी त्याची रचना वेगळी आहे. दाब तयार करणारा भाग आणि प्रोपेलर फिरवणारं टर्बाइन हे दोन वेगळ्या दांड्यांवर असतात, त्यांच्यात लोखंडाचा सांधा नाही, फक्त वाहत्या वायूचा आहे. म्हणूनच हे इंजिन बरंच सोसतं. तरीही ते बंद पडू शकतं. तेव्हा काय हातात उरतं? पीसी-१२ चं प्रोपेलर फेदर केलं, म्हणजे पाती वाऱ्याला समांतर केली, की ते ३०,००० फुटांवरून शांत हवेत जवळपास १४० किलोमीटर तरंगत जातं. अमेरिकेच्या बहुतेक भागांत तेवढ्या वर्तुळात एखादी तरी धावपट्टी सापडते. युरोपनेही २०१७ पासून एका टर्बाइनच्या विमानांना रात्री आणि ढगांतून व्यावसायिक प्रवासी नेण्याची मुभा दिली, ती या इंजिनांचा इतिहास बघूनच. एसएफ-५० ने वेगळा मार्ग घेतला. त्याच्या नाकात अख्ख्या विमानाचं पॅराशूट आहे. छतावरचा दांडा ओढला की रॉकेट ते बाहेर काढतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये फ्लोरिडात किसिमीजवळ खराब हवामानात ते पहिल्यांदा वापरलं गेलं आणि आतले तिघेही वाचले.

इंजिनाची भीती सगळ्या भीतीच्या पुढे उभी राहते, पण खासगी मालकांचे जीव घेणारी कारणं बहुधा दुसरीच असतात. २५ मे २०११ च्या रात्री पाटण्याहून दिल्लीला रुग्ण घेऊन येणारं पीसी-१२ फरीदाबादच्या वस्तीत कोसळलं. आतले सात आणि जमिनीवरचे तीन असे दहा जण गेले. चौकशीत जे पुढे आलं त्यात बंद पडलेलं इंजिन नव्हतं. वादळी हवामान, नियंत्रणांची चुकीची हाताळणी आणि वैमानिकाचा दिशाभ्रम, यांपैकी एखादं किंवा सगळं मिळून. दुसरं इंजिन असतं तरी त्या ढगात ते कामी आलं नसतं. वादळाचं रडार बघणं, त्याला वळसा घालणं, निघणं दोन तास पुढे ढकलणं, हे दोन्ही प्रकारच्या विमानांत एकसारखंच करावं लागतं. ४१,००० फुटांवर जाणारं जेट पावसाळी थराच्या आणि बर्फ साचवणाऱ्या ढगांच्या वर लवकर निघून जातं, हा त्याचा मोठा आणि खरा गुण. पण उन्हाळ्यात अमेरिकेच्या मध्यभागी उठणारी गडगडाटी वादळं ४५-५० हजार फुटांपर्यंत जातात. त्यांच्यावरून कुठलंच लहान जेट जात नाही.

उंचीची दुसरी किंमत हवेच्या दाबात आहे. ५ सप्टेंबर २०१४ ला न्यू यॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरहून फ्लोरिडाला निघालेल्या टीबीएम-९०० मध्ये केबिनचा दाब गेला. वैमानिकाने खाली येण्याची परवानगी मागितली, पण आणीबाणी आहे असं म्हटलं नाही. नियंत्रकाने आधी २५,००० फुटांपर्यंत यायला सांगितलं, आणि तेवढ्यात मेंदूचा प्राणवायू संपला. विमान आपोआप सरळ उडत राहिलं, क्यूबावरून गेलं आणि जमैकाजवळ समुद्रात पडलं. ३०,००० फुटांवर माणसाला शुद्धीत काम करायला एक-दोन मिनिटं मिळतात. ४१,००० फुटांवर पंधरा-वीस सेकंद. यातून धडा सोपा आहे आणि तो अंगात मुरवावा लागतो: दाबाचा इशारा लागला की आधी मास्क, मग उतरणं, मग बोलणं, परवानगीची वाट बघायची नाही. टीबीएममध्ये आता दाब गेल्यावर वैमानिकाने काहीच केलं नाही तर ऑटोपायलट स्वतः विमान खाली आणतो. त्याच्या पुढचं पाऊल म्हणजे गार्मिन कंपनीचं ऑटोलँड. प्रवाशाने एक बटण दाबलं की यंत्रणा धावपट्टीची लांबी, वारा, हवामान, डोंगर बघून विमानतळ निवडते, रेडिओवर सांगते, उतरवते, ब्रेक लावते आणि इंजिनही बंद करते. ते २०२० मध्ये सगळ्यात आधी पायपर एम-६०० या टर्बोप्रॉपमध्ये प्रमाणित झालं. वैमानिक नसलेल्या जोडीदारासाठी दुसऱ्या इंजिनापेक्षा हे बटण मोलाचं आहे, असं माझं ठाम मत आहे.

चालवायला सोपं कोण? इथे जेटला त्याचं श्रेय द्यायलाच हवं. टर्बोप्रॉपमध्ये सावकाश वेगाने, फ्लॅप म्हणजे पंखांमागच्या झडपा पूर्ण खाली, धावपट्टीवर उतरत असताना अचानक पुन्हा वर जायचं ठरलं आणि पॉवर लिव्हर झटक्यात पुढे ढकलला, तर ८५० अश्वशक्तीचा पीळ विमानाला डावीकडे वळवतो आणि कलंडवतो. उजवा पाय त्याच क्षणी दाबला गेला नाही तर पंख खाली जातो, आणि उंची हाताशी नसते. टीबीएमचे काही जीवघेणे अपघात असेच आहेत. म्हणून लिव्हर तीन-चार सेकंदांत सावकाश पुढे न्यायचा, नाक फार वर उचलायचं नाही आणि पाय आधी तयार ठेवायचा. जेटमध्ये हा पीळ नाही. तिथे दोष उलटा: आयडलवरून इंजिन पूर्ण जोरात यायला काही सेकंद लागतात, त्यामुळे मागितलेली ताकद उशिरा मिळते. एसएफ-५० मध्ये इंजिन पाठीवर असल्यामुळे जोर वाढला की नाक किंचित खालीही दबतं.

सुरू करण्याची गोष्टही अशीच. जुन्या पीटी-६ मध्ये बॅटरी अशक्त असेल तर हॉट स्टार्ट होतो. स्टार्टर इंजिनाचा आतला भाग पुरेसा वेगात फिरवत नाही, हवा कमी येते, इंधन मात्र ठरलेलं येतं, आणि तापमान मर्यादेच्या वर उसळतं. काही सेकंदांत टर्बाइनची पाती खराब होतात आणि बिल लाखो डॉलरचं. म्हणून आधी बॅटरीचा व्होल्टेज बघायचा. २४ च्या खाली असेल तर जमिनीवरची वीज जोडायची. नाक वाऱ्याकडे ठेवायचं, कारण मागून येणारा वारा धूर परत आत कोंबतो. इंजिनाच्या आतल्या भागाचा वेग पूर्ण वेगाच्या १३ टक्क्यांच्या आसपास स्थिर होईपर्यंत इंधन सोडायचं नाही. इंधन सोडल्यावर नजर तापमानाच्या काट्यावरच. काटा थांबायचं नाव घेत नसेल तर इंधन तोडायचं, पण स्टार्टर फिरता ठेवायचा, म्हणजे आतली आग विझून उष्णता बाहेर जाते. टीबीएम-९६० आणि पीसी-१२ एनजीएक्समध्ये आता संगणकच हे सगळं करतो, लिव्हरही एकच उरला आहे. आजच्या लहान जेटमध्ये ही सोय आधीपासून आहे.

परवान्याच्या बाजूने बघितलं तर अमेरिकेत जेटला, मग ते कितीही लहान असो, वेगळं टाइप रेटिंग, म्हणजे त्या जातीच्या विमानापुरता परवाना, लागतं. त्याची परीक्षा एअरलाइन वैमानिकाच्या दर्जाची असते आणि दरवर्षी पुन्हा तपासणी होते. साडेबारा हजार पौंडांपर्यंतच्या टर्बोप्रॉपला कायद्याने तसं रेटिंग लागत नाही. पण विमा कंपनी तेच काम करते: सिम्युलेटरवरचं वार्षिक प्रशिक्षण आणि सुरुवातीचे काही तास अनुभवी वैमानिक सोबत, हे दोन्हीकडे असतंच. वर्षाला शंभर तासही उडत नसलेल्या माणसाने जेट घेऊ नये. हे मी पैशासाठी म्हणत नाही. हात गंजतो, आणि जेट गंजलेल्या हाताला कमी माफ करतं.

आपल्या किनाऱ्यावर, म्हणजे जुहू किंवा गोव्यासारख्या ठिकाणी, विमान ठेवणाऱ्याला खाऱ्या हवेचा खर्च वेगळा धरावा लागतो. मीठ आणि इंधनातलं गंधक मिळून तापलेल्या पात्यांना पोखरतं. उपाय साधा, पण नेमाने करायचा: इंजिन थंड होऊ द्यायचं, इग्निशनचं सर्किट ब्रेकर ओढायचं, दाबाच्या हवेची जोडणी मॅन्युअलप्रमाणे बंद करायची, स्टार्टरने इंजिन नुसतं फिरवत आत शुद्ध केलेलं पाणी सोडायचं, मग स्टार्टरला सांगितलेली विश्रांती द्यायची, जोडण्या परत लावायच्या आणि इंजिन चालवून वाळवायचं. हे टाळलेल्या इंजिनाचं आतलं चित्र बोअरस्कोपमध्ये, म्हणजे इंजिनात घालायच्या नळीच्या कॅमेऱ्यात, बघवत नाही. जुहूची मुख्य धावपट्टी सुमारे १,१०० मीटरची. तिथे पंख्याच्या विमानाचं म्हणणं वादाशिवाय मान्य होतं. दुसरं म्हणजे, पिस्टन विमानांचं शिसंयुक्त पेट्रोल आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी मिळतं, तर टर्बाइनचं इंधन एअरलाइन जिथे जाते तिथे मिळतं. या बाबतीत जेट आणि टर्बोप्रॉप दोघंही बरोबरीचे.

मग जेट कुणी घ्यावं? ज्याच्या बहुतेक फेऱ्या सातशे मैलांच्या पुढच्या आहेत, दोन्ही टोकांना पंधराशे-अठराशे मीटरच्या पट्ट्या आहेत, समुद्रावरून किंवा डोंगराळ मुलखावरून रात्री जावं लागतं, आणि जो वर्षाला दीडशे-दोनशे तास नेमाने उडतो. त्याने दोन इंजिनांचंच घ्यावं: सायटेशन एम-२, फेनम-१०० किंवा होंडाजेट. होंडाजेटची इंजिनं पंखांच्या वर खांबांवर आहेत, त्यामुळे केबिन मोठी आणि शांत झाली, आणि ते ४३,००० फुटांपर्यंत जातं. दोन इंजिनं म्हणजे दोन ओव्हरहॉल (इंजिन पूर्ण खोलून करायची दुरुस्ती), दोन देखभाल करार, हेही मनात ठेवावं. एसएफ-५० हे मात्र वेगळ्या माणसासाठी आहे. जो सिरसच्याच पिस्टन विमानातून वर येतो आहे, ज्याला पॅराशूट, तोच कॉकपिट आणि तीच कंपनी हवी आहे, त्याच्यासाठी ते उत्तम घडवलेलं विमान. तांत्रिक अडचण त्यालाही आली होती. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकी विमान प्राधिकरणाने ही सगळी विमानं जमिनीवर ठेवली, कारण हवेचा कोन मोजणाऱ्या सेन्सरमधले बारीक स्क्रू नीट आवळलेले नव्हते, आणि विमान स्टॉलमध्ये, म्हणजे पंखांची उचल तुटलेल्या स्थितीत, नसताना यंत्रणा नाक खाली दाबत होती. सेन्सर बदलल्यावर ती पुन्हा उडाली.

किमतीची तुलना नव्या विमानांच्या जाहिरातीवरून करू नये, कारण बरेच मालक वापरलेलं घेतात. वापरलेल्या पीटी-६ विमानात पहिल्यांदा इंजिनाचे तास बघावेत: जुन्या मालिकांत ओव्हरहॉल ३,५०० तासांच्या आसपास आणि आतल्या गरम भागाची तपासणी साधारण निम्म्यावर, नव्या ई-मालिकेत ओव्हरहॉल ५,००० तासांवर. पण नुसते तास पुरत नाहीत. दहा वर्षांत सहाशे तास उडालेलं, समुद्राकाठी उघड्यावर उभं राहिलेलं इंजिन दोन हजार तास नेमाने उडालेल्या इंजिनापेक्षा वाईट असू शकतं. इंजिनाच्या नोंदींचा आलेख मागावा: त्याच उंचीवर, त्याच टॉर्कला (प्रोपेलर फिरवणाऱ्या पिळाला) तापमान गेल्या वर्षभरात वर सरकत गेलं आहे का? सरकलं असेल तर आत काहीतरी झिजतं आहे, किंवा इंधनाचे नोझल तुंबले आहेत. बोअरस्कोप तपासणी विकणाऱ्याच्या दुकानात करू नये, तिसऱ्या ठिकाणी करावी. प्रोपेलरच्या पात्यांच्या कडा हाताने चाचपाव्यात. मातीच्या पट्टीवर वापर झाला असेल तर तिथे कळतो. वापरलेल्या जेटमध्ये देखभाल करार नव्या मालकाच्या नावावर बदलून मिळतो का आणि मागचे हप्ते थकले आहेत का, हे कागद हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नये. आणि हँगरचं दार मोजून घ्यावं. एसएफ-५० च्या पंखांचा पसारा ११.८ मीटर, टीबीएमचा १२.८, तर पीसी-१२ चा १६.३ मीटर. एका विमानाच्या नेहमीच्या हँगरमध्ये पहिली दोन बहुतेकदा मावतात, तिसरं मावत नाही, आणि त्याचं भाडं मग दरमहा वेगळं पडतं.